विश्लेषण : शिक्षकांच्या ५० तासांच्या प्रशिक्षणात इतिहासाचे व्याख्यान कुठे बसते? कागलच्या उदाहरणातून समजून घ्या

दर वर्षी २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती येते, तेव्हा शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात. शाळाशाळांत प्रतिमापूजन होते, मुलांची भाषणे होतात, शेवटी गुरुजी किंवा बाई चार शब्द बोलतात. कागल तालुक्यात या दिवसाला घरच्या कार्याचे स्वरूप असते, कारण महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. ‘महाराजांचा जन्म कुठे झाला?’ असे विचारले की ‘कागलला’ हे उत्तर सहज तोंडी येते. प्रत्यक्षात त्यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापूरच्या कसबा बावडा येथील लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये झाला. कागल ही त्यांचे वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांची जहागीर.

चूक तशी लहान आहे. पण ती वर्गात दुरुस्त करायची तर आधी शिक्षकाला नेमकी माहिती हवी, आणि ती कुठून आली हेही ठाऊक हवे. शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आज बराच वेळ खर्च होतो. त्या वेळात इतिहास या विषयाच्या वाट्याला काय येते? अभ्यासकाचे व्याख्यान ऐकणे हे ‘प्रशिक्षण’ म्हणता येईल का? आणि ते कसे असले तर वर्गापर्यंत पोहोचते?

५० तासांचा नियम काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. यातला महत्त्वाचा भाग अनेकदा वाचायचा राहून जातो. शिक्षकाने आपल्या आवडीनुसार आणि गरजेनुसार हे तास निवडावेत, असे धोरण म्हणते. कार्यशाळा आणि ऑनलाइन अभ्यासक्रम असे दोन्ही मार्ग त्यात मोकळे आहेत.

प्रत्यक्षात आजवरचा भर मोठ्या, एकसारख्या प्रशिक्षणांवर राहिला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो ‘दीक्षा’ या व्यासपीठावर ऑनलाइन आला. व्हिडिओ पाहायचे, प्रश्न सोडवायचे, प्रमाणपत्र डाउनलोड करायचे. राज्यात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्यासाठीही प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. मूल्यमापन, अध्यापनाच्या पद्धती, समावेशक शिक्षण, तंत्रज्ञान हे अशा प्रशिक्षणांतले नेहमीचे विषय. ते गरजेचेच आहेत. पण ‘कसे शिकवावे’ याला जितका वेळ मिळतो, तितका ‘काय शिकवतो आहोत’ याला मिळत नाही. इतिहासात हा फरक जास्त जाणवतो.

इतिहासालाच वेगळी गरज का?

पहिले कारण म्हणजे इतिहास शिकवणारा शिक्षक. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो. सकाळी अपूर्णांक, दुपारी अफजलखानाची स्वारी. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्रांचा किमान एक शिक्षक हवा. पण सामाजिक शास्त्रात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही येतात. माध्यमिक शाळेत वर्कलोड बसवताना मराठी किंवा भूगोलाच्या शिक्षकाकडे इतिहासाचे तास जाणे ही नेहमीची गोष्ट. पदवीला इतिहास न घेतलेली व्यक्ती दहावीचा इतिहास शिकवते, यात तिचा दोष काही नाही.

दुसरे कारण म्हणजे पाठ्यपुस्तक. पालकांच्या आठवणीतला इतिहास सनावळ्यांचा आहे. बालभारतीची २०१७ आणि २०१८ मध्ये आलेली पुस्तके तशी नाहीत. सातवी, आठवी आणि नववीच्या इतिहासाची सुरुवातच ‘इतिहासाची साधने’ या पाठाने होते. दहावीचे पुस्तक त्याहून पुढे जाते. पहिले दोन पाठ इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेवर आहेत. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको ही नावे त्यात येतात. पुढे उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर पाठ आहेत.

म्हणजे पुस्तक मुलांना सांगते, ‘काय घडले एवढेच पाहू नका, ते आपल्याला कसे कळले हेही पाहा.’ हे शिकवणाऱ्याने स्वतः कधी एखादे अस्सल पत्र, ताम्रपट किंवा जुनी नोंदवही हाताळलेली नसेल, तर ‘साधने’ हा पाठ व्याख्या पाठ करून संपतो. लिखित, भौतिक, मौखिक असे तीन प्रकार लिहिले की गुण मिळतात आणि विषय तिथेच थांबतो.

यात पणाला काय लागले आहे?

मुलांना इतिहास आता शाळेबाहेर जास्त भेटतो. रील, व्हॉट्सॲप स्टेटस, चित्रपट, मिरवणुकीतला देखावा. यातले खरे किती, खोटे किती हे तपासायची सवय लावणारी जागा मात्र वर्गच आहे.

कोल्हापूरने याची किंमत पाहिली आहे. जून २०२३ मध्ये औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्यासंदर्भातील समाजमाध्यमांवरील स्टेटसवरून शहरात तणाव निर्माण झाला. ७ जूनला दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलेही होती. एका व्याख्यानाने अशा घटना टळतात असे कोणी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात एखाद्या मुलाने हात वर करून प्रश्न विचारला, तर शिक्षकाला उत्तर द्यावे लागते. तयारी नसेल तर ‘पुस्तकात नाही ते विचारू नको’ एवढेच उत्तर उरते. मग ते मूल पुन्हा मोबाइलकडेच वळते.

कागलमध्ये शिकवण्यासारखे काय आहे?

स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने कागल तालुका संपन्न आहे. तरी भाषणांतून ठरावीक चार गोष्टीच पुन्हा पुन्हा येतात. चार उदाहरणे पाहू.

बायजाबाई शिंदे : ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी. त्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. १८२७ मध्ये दौलतराव वारल्यानंतर १८३३ पर्यंत त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. काशीच्या ज्ञानवापी विहिरीभोवतीचा स्तंभमंडप त्यांनीच बांधून घेतला. कागलच्या एका लेकीचा प्रवास दूधगंगेच्या खोऱ्यातून गंगेच्या घाटापर्यंत गेला. मुलींच्या वर्गात सांगावी अशीच ही गोष्ट आहे.

सर्जेराव घाटगे : बायजाबाईंचे वडील, दौलतरावांचे कारभारी. १७९८ मध्ये पैसा उभा करण्यासाठी त्यांनी पुण्यात सावकार आणि व्यापाऱ्यांकडून जुलमाने वसुली केली, त्याच्या कहाण्या पुढे कित्येक वर्षे सांगितल्या जात होत्या. आपल्या गावचा माणूस प्रत्येक वेळी नायकच असतो असे नाही. एकाच घराण्यात पुण्याला लुटणारा कारभारी, ग्वाल्हेर सांभाळणारी राणी आणि समतेचा कायदा करणारा राजा निघतो. हे सांगायला शिक्षकाच्या पाठीशी अभ्यास लागतो, नाहीतर गावातल्या पहिल्या नाराजीलाच तो गप्प होतो.

सेनापती कापशी : ममलकतमदार संताजी घोरपडे यांच्या घराण्याचे हे गाव कागल तालुक्यात आहे. याच गावाचे नाव लावणारी ‘कापशी’ ही कोल्हापुरी चपलेची प्रसिद्ध जात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून. एकाच गावातून लढाईचा इतिहास आणि कारागिरांचा इतिहास असे दोन्ही शिकवता येतात. दहावीचा ‘उपयोजित इतिहास’ यापेक्षा वेगळा काय असतो?

गहिनीनाथ गैबीपीर : कागलच्या या ग्रामदैवताच्या नावातच नाथ आणि पीर शेजारी बसले आहेत. उरुसाला सगळे गाव लोटते. मध्ययुगीन भारतातील धार्मिक समन्वय हा पुस्तकातला विषय कागलच्या मुलाला परीक्षेसाठी पाठ करावा लागू नये, कारण तो त्याच्या गावातच उभा आहे.

मग व्याख्यान ठेवले की काम झाले?

नाही. प्रश्नाचा अवघड भाग इथून सुरू होतो.

व्याख्यान ऐकण्याची महाराष्ट्राला जुनी सवय आहे. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये केली. कोल्हापूर जिल्ह्यातही गावोगावी व्याख्यानमाला भरतात. पण गौरवपर भाषण वेगळे आणि शिक्षकासाठीचे व्याख्यान वेगळे. पहिल्यात श्रोते टाळ्या वाजवून, भारावून घरी जातात. दुसऱ्यात शिक्षकाने एखादा प्रश्न, एखादे साधन आणि उद्याच्या तासाचा आराखडा घेऊन जायला हवा.

परदेशातील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत २००१ मध्ये सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने शाळांतील इतिहास शिक्षकांसाठी अनुदान योजना सुरू झाली. विद्यापीठे, संग्रहालये आणि शाळा यांनी एकत्र येऊन शिक्षकांना इतिहास शिकवायचा, अशी कल्पना होती. दहा वर्षांत सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाले. शिक्षकांना तज्ज्ञांची भेट आणि मूळ कागदपत्रे मिळाली. पण मुलांच्या शिकण्यावर नेमका किती परिणाम झाला, हे २०११ च्या मूल्यमापनात ठामपणे दाखवता आले नाही, कारण तो मोजण्याची पुरेशी सोयच योजनेत नव्हती. त्यानंतर निधीही थांबला.

ब्रिटनमध्ये १९०६ पासून ‘हिस्टॉरिकल असोसिएशन’ ही संस्था प्राध्यापक आणि शाळाशिक्षक यांना एका व्यासपीठावर आणते. तिच्या स्थानिक शाखांत व्याख्याने होतात आणि १९६९ पासून ती इतिहासाच्या अध्यापनावर स्वतंत्र नियतकालिकही काढते. तिथे व्याख्यान एका दिवसापुरते राहत नाही. शिक्षक आपला वर्गातला अनुभव लिहितो, दुसरा वाचतो.

शिक्षक प्रशिक्षणावरील संशोधनाचा आढावा घेऊन अमेरिकेतील लिंडा डार्लिंग-हॅमंड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये परिणामकारक प्रशिक्षणाची लक्षणे मांडली. विषयाच्या आशयावर भर, शिक्षकाचा प्रत्यक्ष सहभाग, सहकाऱ्यांसोबत काम, चांगल्या पाठाचे नमुने, तज्ज्ञांचे मार्गदर्शन, प्रतिसाद आणि पुरेसा कालावधी. एकट्या व्याख्यानात यातले पहिले लक्षण असते. बाकीची जोडून घ्यावी लागतात.

कागलमध्ये असे व्याख्यान कसे होऊ शकते?

त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होते. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक तिथे केंद्रप्रमुखांसोबत एकत्र येतात. तालुक्याला गटसाधन केंद्र आहे, जिल्ह्याला जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था अर्थात डाएट आहे. कागलपासून सुमारे २० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा इतिहास विभाग, शासनाचे पुराभिलेखागार आणि टाऊन हॉलमधील संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या, रोमन जगाशी व्यापाराची साक्ष देणाऱ्या पोसायडनच्या कांस्यमूर्तीमुळे हे संग्रहालय ओळखले जाते.

नमुना म्हणून ‘सक्तीचे शिक्षण आणि कागल’ हा एकच विषय घ्या. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. हे सगळ्या भाषणांत येते. आता दुसरी बाजू. लेखक आनंद यादव यांचा जन्म १९३५ चा, कागलचा. शिकण्यासाठी घरच्यांशी आणि गरिबीशी द्यावी लागलेली झुंज त्यांनी ‘झोंबी’मध्ये मांडली. या पुस्तकाला १९९० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

इथे वर्गात विचारण्याजोगा प्रश्न तयार होतो. शिक्षण सक्तीचे झाल्यावर १८ वर्षांनी जन्मलेल्या कागलच्या मुलाला शाळेसाठी झगडावे का लागले? कायदा केला की समाज बदलतो का? शेतावर राबणारे हात शाळेत पाठवणे कुळवाड्याच्या घराला परवडत होते का?

या प्रश्नावर दोन तासांचे सत्र असे बांधता येईल :

पहिली ४० मिनिटे – अभ्यासकाचे व्याख्यान. महाराजांचे गुणगान थोडके, त्या काळातली शेती, जहागिरी, जातिव्यवस्था आणि शाळांची स्थिती जास्त.

पुढची ४० मिनिटे – गटात साधनांचे वाचन. संस्थानच्या आदेशाची प्रत, आण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ मध्ये लिहिलेल्या चरित्रातले किंवा शिवाजी विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांतले एखादे पान आणि ‘झोंबी’तला एक उतारा. प्रत्येक गटाने सांगायचे : हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले आणि यात काय सांगितलेले नाही?

शेवटची ४० मिनिटे – पाचवी, आठवी किंवा दहावीसाठी एका तासिकेचा आराखडा. पुढच्या शिक्षण परिषदेत दोन शिक्षकांनी तो वर्गात कसा चालला ते सांगायचे.

चौथे साधन तर शाळेच्या कपाटातच असते. जुन्या शाळांत कित्येक दशकांपूर्वीचे जनरल रजिस्टर सापडते. त्यात प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असते. मुली कोणत्या इयत्तेत गळत होत्या, सुगीच्या दिवसांत किती मुले शाळा सोडत होती, हे सहावीतली मुलेही मोजू शकतात. मात्र यात एक पथ्य पाळावे लागेल. त्या नोंदींत जात आणि कौटुंबिक माहिती असते, त्यामुळे नावे झाकून फक्त आकडे वापरायला हवेत. २०२३ मध्ये मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा शाळांची हीच जुनी रजिस्टरे बाहेर निघाली आणि मोडी वाचू शकणाऱ्यांची अचानक मागणी वाढली. इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे तेव्हा घराघरांत कळले.

अडचणी कोणत्या?

पहिली अडचण वेळेची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. तरी ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी यांत दिवस जातो. दोन शिक्षकी शाळेतला एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याला चार-पाच इयत्ता एकट्याने सांभाळाव्या लागतात. त्यामुळे ‘आणखी एक कार्यक्रम’ म्हटले की शिक्षकांच्या कपाळावर आठ्या येतात आणि त्या समजण्यासारख्या आहेत. म्हणूनच व्याख्यान जादा कार्यक्रम म्हणून न लादता आधीच ठरलेल्या शिक्षण परिषदेतला वेळ त्यासाठी वापरणे श्रेयस्कर.

दुसरी अडचण मोजणीची. ऑनलाइन अभ्यासक्रमाचे तास आपोआप नोंदले जातात. शनिवारी दुपारी ऐकलेल्या व्याख्यानाचे, संग्रहालयाच्या भेटीचे किंवा मोडी शिकण्याच्या वर्गाचे तास कोण नोंदवणार? धोरणात शिक्षकाच्या आवडीला जागा आहे. ती नोंदवहीतही मिळाली, तर डाएट आणि विद्यापीठ मिळून अशा सत्रांना मान्यता देऊ शकतील.

तिसरी अडचण वक्त्याची. चांगला संशोधक चांगला बोलतोच असे नाही, आणि चांगला बोलणारा साधनांना धरून बोलतोच असेही नाही. व्याख्यात्याला आधीच तीन अटी सांगाव्यात : प्रत्येक मोठ्या विधानामागचे साधन सांगायचे, जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू मांडायच्या आणि प्रश्नांसाठी वेळ राखायचा.

चौथी अडचण भीतीची, आणि तीच सर्वांत खरी. ‘इतिहासावर काही बोललो आणि कोणी व्हिडिओ काढला तर?’ ही धास्ती शिक्षकांना असते. ती नुसत्या धीराने जात नाही. शिवजयंतीचे उदाहरण घ्या. राज्य सरकार १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख मानते, पण पूर्वी १६२७ हे साल मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी होती आणि चर्चेची दिशा बदलली. वर्गात हे सांगणाऱ्या शिक्षकाच्या हातात ‘माझे मत’ नसते, कागद असतो. मुलांना त्यातून कळते की इतिहासात दुरुस्ती होते, ती पुराव्याने होते आणि त्यात कोणाचा अपमान नसतो.

पुढे काय?

राज्यात नव्या अभ्यासक्रमाची अंमलबजावणी २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. वरच्या इयत्तांची पुस्तके येतील तेव्हा इतिहासाचा आशय पुन्हा बदलेल आणि शिक्षकांना पुन्हा प्रशिक्षणाला बसावे लागेल. नव्या पुस्तकाची ओळख एका दिवसात करून देता येते. साधन वाचायची सवय लागायला मात्र वर्षे लागतात, आणि ती आतापासून लावली तर पुस्तक बदलले तरी वाया जात नाही.

कागलच्या एका केंद्रातल्या शिक्षकांनी वर्षातून तीन शिक्षण परिषदा इतिहासासाठी राखल्या, तर ५० पैकी सहा तास झाले. उरलेले ४४ तास बाकी विषयांना मोकळेच राहतात. सहा तासांत कोणी इतिहासकार होत नाही. पण ‘सर, हे खरे कशावरून?’ असे मुलाने विचारले, तर ‘चला, शोधून पाहू’ असे म्हणण्याइतके बळ शिक्षकाला त्यातून मिळू शकते.